धार बघून घेतलेलं इंटरनेट

आमच्या आबामामांनी हात पुढे केला, तर तो हातात घेण्यापूर्वी विचार करावा. त्यांच्या खांद्यावर टॉवेल असेल, तर आपला हात खिशात घालावा हे उत्तम. मामांनी उभा जन्म म्हशींचा व्यापार केला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. बाजार सुटला, सवय काही सुटली नाही. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी हॉलच्या मॅनेजरचा हात असाच टॉवेलाखाली ओढला होता. हॉल स्वस्तात मिळाला, कारण तो माणूस भ्याला होता.

मामा राहतात आजऱ्याच्या पुढे, डोंगरातल्या एका वाडीत. मी कोल्हापुरात शाळेत शिकवते. वाडीत मोबाईलला रेंज यायची ती फक्त एका खडकावर. मामी दोन वर्षं पुण्यात होती, मुलाच्या घरी नातू सांभाळायला; सून कंपनीत कामाला आहे. मामा रोज संध्याकाळी खडकावर चढून मामीला फोन लावायचे. मागे अर्धी वाडी आपल्या पाळीसाठी ताटकळत उभी. त्यामुळे बोलणं ठरलेलं. "म्हस बरी हाय. पाऊस न्हाय. ठेवतो."

पावसाळ्याच्या तोंडावर मामांनी एकाएकी जाहीर केलं, "घरात नेट घ्यायचं." वाडीला वाटलं, म्हातारा कुस्त्या बघणार. मलाही तसंच वाटलं. डोंगरात वायर येत नव्हती, आणि टॉवर दर निवडणुकीत येऊन निकालानंतर परत जायचा. राहता राहिलं थेट आभाळातून येणारं, सॅटेलाइटचं नेट. देणाऱ्या कंपन्या दोन. एक फोनवरच पैसे मागत होती. "दात न दावताच जनावर इकतोय," म्हणत मामांनी ती बाद केली. दुसरीचा माणूस सिग्नल पकडणारी डिशची छत्री घेऊन गडहिंग्लजहून दारात आला. शिकलेलं माणूस शेजारी असावं म्हणून मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तोंड मात्र उघडू दिलं नाही.

"पावणं, ह्येला खायाला काय लागतंय?"

"फक्त वीज, काका. आणि वर मोकळं आभाळ."

"पावसात आटतंय काय?"

"फार जोराचा असला तर थोडं कमी होतं."

"मग म्हशीपरास वंगाळ की! म्हशीचं दूध पावसाळ्यात वाढतंय."

मग टॉवेल आला. त्या भल्या माणसाला वाटलं, म्हातारा प्रेमाने हात देतोय. त्याने मामांचा अख्खा पंजा दोन्ही हातांनी घट्ट दाबला. बाजारात अख्खा पंजा म्हणजे पाच.

"पाच हजार! झाला सौदा!" मामा गोठ्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले. माणूस पांढराफटक पडला. कंपनीचा दर ठरलेला असतो हे मामांना पटवता पटवता माझा घसा बसला. पसंत न पडल्यास काही दिवसांत छत्री परत करता येते, हे ऐकल्यावर ते नरमले. ती सवलत कंपनीचीच होती, पण मामांनी स्वतः मिळवल्यासारखा मिशीवरून हात फिरवला. "म्हस बी आम्ही तीन धारा काढून बघितल्याबिगार घेत न्हाय," ते म्हणाले. छत्री गोठ्याच्या पत्र्यावर बसली. दृष्ट लागू नये म्हणून खांबाला काळा दोरा बांधला.

पुढच्या रविवारी सकाळीच मामांचा व्हिडिओ कॉल आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, ताठ बसलेले. मागे पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता.

"समोर बस. उठू नगंस."

"पण बोलायचं काय?"

"बोलायचं न्हाय. कटतंय का बघायचं."

मी भाजी निवडली, पेपर तपासले. माझे यजमान मागून गेले, तेव्हा मामांनी गंभीरपणे नमस्कार केला. दुपार झाली तरी मामा ढिम्म. शेवटी माझा संयम सुटला. "अहो मामा, कुस्त्या बघायला एवढी परीक्षा कशाला? मध्ये थोडं अडकलं तर काय बिघडतंय?"

मामा हलेनात. मला वाटलं, नेट अडकलं. मग ते हळूच म्हणाले, "सूनबाईला घरनं काम करायला कंपनीची ना न्हाय, पर मिटिंग दिसभर चालती म्हणं. मधीच कटली तर सायेब बोलतो तिला. हितं न्हाय कटली, तर ती हितनं काम करील. ती आली की नातू आला. आन् नातू आला की..." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "तुझी मामी येईल की गं. भाकरी मला येती करायला, त्येचं काय न्हाय. पर ती समोर नसली की घास जात न्हाय."

हा माणूस असं काही बोलेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी पेपर बाजूला सारले आणि संध्याकाळपर्यंत समोर बसून राहिले. फोन एकदाही कटला नाही. सौदा पक्का झाला.

गणपतीच्या आधी सून, नातू, मामी, सगळी वाडीवर राहायला आली. परवा मी सहज कॉल लावला. पडद्यावर मामांचं अर्धंच तोंड, मागे नातू भोकाड पसरून रडतोय, आणि स्वयंपाकघरातून मामीचा आवाज, "अवो, गुळाचा डबा कुठं ठेवलासा?"

"काय मामा, नेट बरं चाललंय ना?"

"झ्याक हाय, झ्याक हाय. ठेव आता. मला लई काम हाय."

पहिल्यांदाच तो फोन मध्येच तुटला, आणि तोही मामांनीच तोडला.