गाडीतली काळी दोन

न्हावऱ्याच्या भिमाजी आबांच्या स्वयंपाकघरात दोन्ही शेगड्या पेटल्या होत्या. एकीवर सप्ताहाच्या प्रसादाची बुंदी आणि दुसरीवर, भाकरीच्या तव्यात उपडं घातलेलं, गाडीच्या सुपरचार्जरचं कवच. कस्तुराबाई झारा आणि सांडशी आलटून पालटून चालवत होत्या.

"आज्जी, फ्रीजमधला डबा दे, लवकर," नातू पृथ्वीराज पाटावरून म्हणाला.

"कंचा? खव्याचा का बेअरिंगचा?"

"खवा घेऊन मी काय करू?"

"तुझं काय सांगावं बाबा. दोन्हीला हात लावू नको म्हनून तूच ओरडला व्हतास."

शेकलेलं कवच फुगतं, गारठलेलं बेअरिंग आकसतं आणि एकमेकांत अलगद बसतं, असं पृथ्वीराजनं मोबाईलवर पाहिलं होतं. त्यानं बेअरिंग सोडलं. 'टक्' आवाज झाला. कस्तुराबाईंनी सवयीनं हात जोडले.

पृथ्वीराज शिक्रापूरच्या एका कंपनीत कामाला. तिथल्याच भंगारवाल्याकडून त्यानं ही जुनी परदेशी गाडी आणली होती. गाडी चाले, पण चढ लागला की दम टाकी. तिचा सुपरचार्जर जाम होता.

"हे करतं काय पर?" आबांनी विचारलं होतं.

"इंजिनाला जादा हवा फुंकतं, आबा."

"म्हंजी पेटीचा भाता की. आन् आतले हे दोन पिळाचे रूळ?"

"ते एकमेकांत फिरतात, पण चिकटता कामा नये. केसाएवढी फट पाहिजे."

"पावली खेळणारे टाळकरी गं," आबांनी बायकोला समजावून सांगितलं. "समोरासमोर नाचायचं, पर पायाला पाय लागू द्यायचा न्हाई."

एवढं कळल्यावर आबांचा त्या यंत्रावर जीवच जडला. शिवाय त्यांची गरजही होती. काल्याच्या कीर्तनाचे महाराज उद्या सकाळी दौंडला रेल्वेनं उतरणार होते. आणायला गाडी कुणाची, यावर देवळात वाद झाला. गेणबानं नवीकोरी गाडी घेतली होती. "चालू हाय का बंद, कळत न्हाई, एवढी गप चालती," असं तो सगळ्यांना सांगत फिरे. त्याचा भाचा हनुमंत कीबोर्ड वाजवायला शिकला होता.

"ज्याची गाडी, त्याची पेटीची साथ," गेणबा म्हणाला. पंचांनी मान डोलावली. मिसरूड फुटल्यापासून काल्याला पेटी आबांचीच, त्यामुळे आबाही इरेला पडले.

"महाराज आमच्या पृथ्वीच्या गाडीतनं येत्याल."

"त्या भंगारात? आले तर देवाची कृपा," गेणबा म्हणाला.

म्हणून ही घाई. रूळ बसले, दाते जुळले, तेल भरलं, सुपरचार्जर गाडीवर चढला. आता कवचावरच्या एका भोकाचं झाकण तेवढं लावायचं राहिलं होतं. पृथ्वीराजनं उत्साहाच्या भरात शेवटचा स्क्रू अर्धा आटा जास्त पिळला आणि झाकणाचे दोन तुकडे झाले.

नवं झाकण परदेशातून येणार, म्हणजे पुढच्या सप्ताहाला. त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून लावला आणि गाडी रेस केली. पत्रा उडून शेजारच्या म्हशीच्या गव्हाणीत पडला. म्हशीनं त्या दिवशी दूध चोरलं.

"जाड पितळ पाहिजे, आबा. एवढंसं. दोन बाजूंना दोन भोकं."

आबा उठून आत गेले, पेटीचं झाकण उघडलं आणि स्क्रूड्रायव्हर मागितला.

पेटीच्या पोटात एकेका पट्टीचा एकेक पितळी सूर असतो. मधे बारीक जीभ, दोन्ही टोकांना स्क्रू. आबांनी बऱ्याच विचारानं मधल्या सप्तकातल्या काळी दोनचा सूर काढला.

कस्तुराबाईंनी कपाळाला हात लावला. "आवो, पेटीवर बसायसाठी गाडी, आन् गाडीसाठी पेटीचाच दात उपटताय?"

"महाराज पांढरी पाचमधी गात्यात. भैरवी येईस्तोवर हिचं काम पडत न्हाई. भैरवीला बघू."

सूर भोकावर असा बसला, जणू तिथलाच. जिभेच्या फटीतून हवा जाऊ नये म्हणून पृथ्वीराजनं आतून लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरली. गाडी चालू केली. आता दम टाकणं नाही, कुरकूर नाही. आबांनी बॉनेटला बुक्का लावला.

सकाळी दोघं दौंडला निघाले. जाताना गाडी इतकी गुणी वागली की आबा वाटेत भेटणाऱ्या ओळखीच्यांना काच खाली करून उगीच रामराम घालत होते. महाराज उतरले, हार झाला, मागच्या सीटवर बसले. परतीच्या वाटेला उसाच्या जोडट्रॉल्या आडव्या आल्या. त्यांना ओलांडायला पृथ्वीराजनं पाय दाबला, तशी आतली लांबी निखळली.

आणि गाडीनं सूर लावला.

लांब, गोल, न हलणारा. आबांनी ओळखला. लेकीचा आवाज बापाला फोनवरही कळतो, तसा. ते डॅशबोर्ड धरून देवाचं नाव घ्यायला लागले.

"आबा, पेटी गाडीतच घेतली का काय?" महाराजांनी पुढे वाकून विचारलं.

"न्हाई महाराज. पेटी देवळात हाय. थोडी हिकडं हाय."

सगळी हकीकत ऐकून महाराज पोट धरून हसले. पुढची ट्रॉली आली. पृथ्वीराजनं भीत भीत पाय दाबला, सूर उठला, आणि महाराजांनी डोळे मिटून त्यात आपला आवाज मिसळला. "विठ्ठल विठ्ठल." आबांनी मांडीवर ठेका धरला. मांडवगण फराट्यात टपरीवरचे लोक चहाचे कप घेऊन रस्त्यावर आले. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं ठेक्यात हॉर्न दिला. पृथ्वीराजच्या अंगावर काटा आला. असली गाडी कंपनीतल्या साहेबाकडंही नव्हती.

"बाळ, पुढं ट्रॅक्टर न्हाई का आता?"

"न्हाई महाराज. रस्ता मोकळा हाय."

"मग मोकळ्यालाच दाब की."

न्हावरं येईपर्यंत महाराजांनी काचा उघड्या ठेवून खड्या आवाजात नामस्मरण केलं. वेशीत ढोल वाजला, गेणबाच्या डोळ्यांदेखत महाराज भंगारातून उतरले. आबांची छाती फुगली. एवढ्यात महाराज त्यांच्या कानाशी लागले. आवाज चांगलाच खाली आला होता.

"आबा, गळा बसला बघा. पांढरी पाच आज झेपायची न्हाई. वाटभर जो सूर लावला, तिथंच आता आवाज लागतोय. काळी दोन घेऊ."

आबांची छाती होती तिथं आली.

कीर्तन उभं राहिलं. टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मांडव गच्च. आबांनी भाता हलवला आणि पट्टी दाबली. 'फुस्स.' सा-च नाही. त्यांनी वर-खालची पट्टी दाबून वेळ मारून न्यायची खटपट केली, पण महाराज मधल्या सा-ची वाट बघत उभे होते. पहिल्या रांगेत गेणबानं मान वळवली.

"हनुमंता, कीबोर्ड आन."

हनुमंत उठला. आबांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. कस्तुराबाईंना सांगावं लागलं नाही. पदर खोचून, लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत त्या मांडवामागं गेल्या. पृथ्वीराज गाडीत बसून बुंदी खात होता.

"चालू कर आन् दाब."

"काय झालं?"

"आबांचा सा तुझ्या पायात हाय. दाब म्हनते ना."

मांडवाच्या कनातीमागून सूर आला. लांब, गोल. महाराजांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी बरोब्बर तिथंच आवाज लावला, मृदंगावर थाप पडली, टाळ कडाडले. हनुमंत होता तिथं खाली बसला आणि टाळ्या वाजवायला लागला. मग सगळं ठरूनच गेलं. आबा मान हलवत, कस्तुराबाई कनातीजवळून पदर हलवत, पृथ्वीराज पाय दाबत होता. बाकीचे सूर पेटीतून, सा मांडवामागून.

"आपण सगळे मुके डबे," महाराज निरूपणात म्हणाले. "आत वारा भरणारा वेगळाच. तो पाय दाबतो तवा आपण वाजतो. आन् आपल्याला वाटतं, आपणच गातोय."

लोकांना ते नेहमीचं निरूपण वाटलं. कस्तुराबाईंना मात्र हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

काला झाला. आबा पेटीला गवसणी घालत होते, तेवढ्यात गेणबा येऊन शेजारी टेकला. बराच वेळ बुंदी चिवडत बसला.

"आबा, त्या पितळाचं खरं हाय का?"

"व्हय."

"आमची गाडी लई गप चालती हो. चालू हाय का बंद, कळतच न्हाई." त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पेटीत पंचम मोकळा असंल, तर बघा."