इंगोलेसाहेबांचा अंगठा

आमच्या इंगोलेसाहेबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला कचेरीच्या वेळात दोरी बांधलेली असे. दोरीचं दुसरं टोक शेजारच्या खोलीत, आढ्याला टांगलेल्या झोळीला. झोळीत आमच्या टायपिस्ट शांताबाई तायड्यांचं तान्हं पोर. साहेब टेबलावर सह्या करत आणि टेबलाखाली पाय हलवत.

साठ सालच्या आसपासची ही अमरावतीतली गोष्ट. कचेरीत शांताबाई एकट्याच बाई. नवरा बडनेऱ्याला रेल्वेत. पोराला सांभाळणारी सासू वारली, तेव्हा नोकरी सोडते म्हणून त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"काहून वं? पोट्टं टाइप करू देत नाही काय?"

"घरी त्याला बघायला कोणी नाही, साहेब."

"मंग इथं आन. इथं आमी रिकामेच त आहो."

आम्ही रिकामे नव्हतो. निदान तसं दाखवत तरी होतो. साहेब दौऱ्यावर असले की झोक्याची पाळी आमच्यावर येई. हेडक्लार्क देशपांडे मात्र झोळीच्या वाऱ्याला उभे राहत नसत. शांताबाईंची जात सगळ्यांना ठाऊक होती. "आमच्यात हे चालत नाही," एवढंच ते म्हणाले.

"तुमच्यात लेकरं रडत नाही काय?" साहेबांनी विचारलं. देशपांडे बराच वेळ टाक पुसत बसले.

कोणाचं तोंड सुकलेलं दिसलं की साहेब त्याच्या हातातली फाइल काढून घेत. "जेवला काय बे? कागदाले भूक नाही लागत!" मग स्वतःच्या डब्यातली भाकर त्याच्यापुढे ठेवत. साहेब सडे, भाकरी स्वतःच थापत. ती भाकर चावण्यापेक्षा घरून पोटभर जेवून आलेलं बरं, हे सगळी कचेरी लवकरच शिकली.

एकदा नागपूरचे मोठे साहेब तपासणीला आले. आम्ही ताडकन उभे. इंगोलेसाहेब अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

"उभं राहायची रीत नाही वाटतं तुमच्याकडे?"

"आहे ना साहेब. पन पोट्टं आत्ताच झोपलं."

मोठ्या साहेबांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. लाल झाले. "आधी ते सोडा!"

इंगोलेसाहेबांनी दोरी सोडली. मोठे साहेब शांताबाईंना तपासणीचा शेरा सांगू लागले आणि आत पोरानं भोकाड पसरलं. शांताबाईंची बोटं थांबली. त्या मोठ्या साहेबांकडे पाहीनात, दाराकडेही पाहीनात.

इंगोलेसाहेबांनी दोरीचं टोक पुढे केलं. "साहेब, बाई एकतर टाइप करतीन, नाहीतर झोका देतीन. मले त तुमी सोडाले लावलं. मंग आता तुमीच धरा."

मोठ्या साहेबांनी सापाची शेपटी धरावी तशी दोन बोटांत दोरी धरली. एक हिसका. दुसरा. पोर गप्प. मग झोका देत देत, झोक्याच्या ठेक्यात, त्यांनी शांताबाईंना सांगितलं, "कचेरीत... पाळणा ठेवणे... शिस्तीस... सोडून आहे." शांताबाईंनी ते एकही चूक न करता टाइप केलं.

महिन्याभरात इंगोलेसाहेबांची अकोल्याकडे, तेल्हाऱ्याला बदली झाली. पाळणा काढायचा हुकूमही आला. तो देशपांड्यांनी दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"यात पाळणा म्हटलंय. ही झोळी आहे," ते म्हणाले. मग धोतर सावरून शांताबाईंच्या पोराजवळ गेले आणि दोरी स्वतःच्या अंगठ्याला बांधली. गाठ फार घट्ट बसली. संध्याकाळी ती सोडवायला दोघे लागले.

साहेबांना निरोप द्यायला आम्ही सारे बडनेरा स्टेशनावर गेलो. शांताबाई पोराला घेऊन नवऱ्यासह आल्या होत्या. साहेबांजवळ एक ट्रंक आणि वळकटी. आम्हाला पाहून ते आधी रागावलेच. "काहून आले बे सारे? कचेरी कोनाच्या भरोशावर सोडली?" मग उगाच वळकटीचे पट्टे सोडून पुन्हा आवळू लागले.

मी शेजारी उभा होतो. खाली मान घालूनच ते हळू म्हणाले, "मले गाडीवर पोचवाले आजलोक कोनीच आलं नोतं." मग पट्टा आवळत म्हणाले, "गाडी सुटेलोक थांबान ना?"

इतक्यात कुणीतरी सांगत आलं, अकोल्याकडची गाडी तासभर उशिरा आहे. सगळा फलाट करवादला. एकट्या इंगोलेसाहेबांचा चेहरा फुलला. ट्रंकेवर बसले, बाजूला सरकून जागा केली आणि म्हणाले, "बसा ना मंग!"