टिक वाजलं की उशीवर

चर्रर्र.

दुपारची वेळ. मशीन थांबलेलं, सासूबाई आतल्या खोलीत लवंडलेल्या, टिल्ली झोपलेली, निदान तिच्या आईच्या समजुतीप्रमाणे तरी झोपलेली. आणि त्या शांततेत हा आवाज. ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही त्यांना तो किरकोळ वाटेल. शिवणाऱ्या बाईला विचारा. कापड फाटलं हे तिला आधी कळतं, मान नंतर वळते.

तिची मान वळली. खिडकीला लावलेल्या नव्याकोऱ्या पडद्याच्या निम्म्या उंचीवर भोपळ्या बोका चारी पायांनी चिकटला होता. चेहऱ्यावर भाव असा, की मी आपला इथेच होतो, पडदाच येऊन मला चिकटला.

पडदा भोपळ्याच्या मालकिणीचा नव्हता, हीच तर खरी रड होती. मोठ्या रस्त्यावरच्या पडद्यांच्या दुकानातून तिच्याकडे कापडाचे तागे यायचे आणि पडदे होऊन परत जायचे. परत जाण्याआधी एक दिवस ती ते स्वतःच्या खिडकीला लावून ठेवायची, चुण्या नीट बसाव्यात म्हणून. टिल्ली झाल्यापासून तिचं स्वतःचं म्हणावं असं हे एवढंच काम उरलं होतं, आणि तेही ती टिल्लीच्या झोपेतून चोरून करायची. पोर निजली की मशीन सुरू, पोर उठली की मशीन बंद.

फाटलेला पडदा दुकानात पोचला आणि मालकीणबाईंचा फोन आला. त्यांना सगळे मॅडम म्हणत.

"तुमच्याकडे मांजर आहे का हो?"

"आहे, मॅडम. लहानसं."

लहानसं मांजर त्या वेळी फ्रिजच्या वर अंग सोडून झोपलं होतं आणि फ्रिजच्या दोन्ही बाजूंनी खाली ओघळत होतं. रंगही भोपळ्याचा, घेरही भोपळ्याचा. टिल्लीने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच बारसं उरकून टाकलं होतं.

"नाट्यगृहाच्या पडद्याची मखमल तुम्हाला देणार होते," मॅडम म्हणाल्या. "मखमलीला नख लागलं की संपलं. आता विचार करावा लागेल."

आता खरं बोलायचं की काम वाचवायचं, एवढाच प्रश्न होता. "मांजराला शिस्त आहे, मॅडम," ती म्हणाली. "तो पडदा म्हणजे चुकून झालं. एकदा बोलावलं की जागेवर जाऊन बसतं."

"मांजर?"

"हो."

"बरं. मखमल पाठवते. मी येऊन बघेन."

बोलून तर बसली. संध्याकाळी नवरा कामावरून आला, तेव्हा तिने 'मखमलीला नख लागलं की संपलं' इथपासून सगळं त्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे कुठलीही अडचण ऐकली की ती वरून खाली कशी आणायची याचा विचार त्याच्या डोक्यात सुरू व्हायचा.

"सोपं आहे," तो म्हणाला. "माझ्या मावसभावाच्या लाकडाच्या वखारीत उंदरांनी उच्छाद मांडलाय. भोपळ्याला तिथे नोकरी लावून देऊ."

"ह्याला नोकरी?" सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. "उंदीर आला तर हा सरकून त्याला बसायला जागा देईल."

"कुणी कुठे जात नाही," ती म्हणाली. "मी शिकवते त्याला."

नवऱ्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "मांजराला?"

"का? पोरीला नाही शिकवलं? बाटली कुणी सोडवली? अंगठा कुणी सोडवला? आई, तुम्हीच म्हणाला होतात ना, ही अंगठा तोंडात घालूनच सासरी जाणार म्हणून?"

सासूबाईंनी एक शेंग जास्तच लक्ष देऊन सोलली.

अंगठ्याचा विजय हा तिच्या आयुष्यातला मोठा विजय होता. कडू औषधं झाली, लालूच झाली, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने उरलेल्या कापडाची अंगठ्याएवढी टोपी शिवली, तिला नाडी लावली आणि झोपताना टिल्लीच्या अंगठ्याला बांधली. महिनाभरात अंगठा सुटला. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही जिवाला आपण काहीही शिकवू शकतो अशी तिची खात्रीच होऊन बसली होती.

"मखमल परत जाईपर्यंत त्याला मुदत," तिने जाहीर केलं. "शिकला तर राहील. नाही शिकला तर वखार."

टेबलाखाली भोपळ्याच्या पोटावर डोकं ठेवून टिल्ली पडली होती. चार वर्षांची मुलं टेबलाखाली असताना मोठ्यांनी बोलू नये, हे कुणालाच सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. खोलीच्या कोपऱ्यात चिंध्या भरलेली एक उशी ठेवली. युक्ती अशी, की एक ठरावीक आवाज करायचा, भोपळ्याने उशीवर जाऊन बसायचं आणि बसला की उकडलेल्या माशाचा एक तुकडा. आवाजासाठी तिने शोधाशोध केली नाही. बोटात सुई टोचू नये म्हणून घालायचं धातूचं अंगुस्तान होतंच, हातात कात्री होती. अंगुस्तान कात्रीवर आपटलं. टिक.

भोपळ्या हुशार निघाला. दिवस मावळायच्या आत टिक वाजलं की तो उशीवर जाऊन बसू लागला, शेपटी पायांभोवती गुंडाळून, एखाद्या जुन्या साहेबासारखा. ती नवऱ्याला म्हणाली, "बघितलंस? मांजर मूर्ख नसतं. शिकवणारा लागतो."

मग मखमल आली. गर्द लाल, जाडजूड, उचलताना बाळ उचलल्यासारखी दोन्ही हातांनी उचलावी लागे. टेबलावरून ती जमिनीवर उतरे आणि पार कोपऱ्यातल्या उशीपर्यंत पसरे. मखमलीची दुमड मशीनवर घालत नाहीत, हाताने घालतात. तिने अंगुस्तान चढवलं, कात्री उचलली.

टिक.

भोपळ्या उशीवर हजर.

तिने दोरा कापला, कात्री खाली ठेवली. टिक. भोपळ्या उशीवर होताच, तो आणखी ताठ बसला. तिने पुन्हा कात्री उचलली. टिक. आता त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं जेवायला बसवून वाढायला विसरलेल्या यजमानाकडे पाहतात.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. अंगुस्तान कात्रीला लागतं तो आवाज ती दिवसभर करायची. कात्री उचलताना, ठेवताना, दोरा कापताना, टाचणी शोधताना. आजवर तिला तो कधी ऐकूच आला नव्हता, जसा आपल्याला आपला श्वास ऐकू येत नाही. जगात एवढे आवाज असताना तिने नेमका आपल्याच हातांचा आवाज त्याला शिकवला होता.

आणि शिकलेल्याला मोबदला द्यावाच लागतो. मासा मिळायला जरा उशीर झाला की भोपळ्या उठून यायचा आणि एक पाय अलगद मखमलीवर ठेवायचा. नखं आत. फक्त आठवण म्हणून. ती धावत मासा आणायची.

"एवढा मासा तू नवऱ्याला कधी वाढला नाहीस," सासूबाई म्हणाल्या.

"मी टिक वाजल्यावर उशीवर बसत नाही ना," नवरा म्हणाला.

तिने अंगुस्तान काढून पाहिलं, तर सुईने बोटाची चाळण केली. कात्रीला फडकं गुंडाळलं, तर फडकंच कापलं गेलं. शेवटी मासा बंद केला. मासा बंद झाल्यावर भोपळ्याने शिस्तही बंद केली. टिक वाजलं की तो कान हलवायचा, म्हणजे निरोप पोचला, आणि झोपायचा. वर स्वयंपाकघराच्या पडद्यावर चढून निषेध नोंदवला तो वेगळाच.

"मावसभावाला विचारून ठेवू का?" नवऱ्याने हळूच विचारलं.

त्या दिवशी तिने भोपळ्याला उगाचच दोनदा कुरवाळलं आणि मग टिल्लीकडे न बघता मशीनचं झाकण पुसत बसली.

आणि मग चमत्कार झाला.

दुपारी टिक वाजलं, तिने सवयीने मागे वळून कोपऱ्यात पाहिलं, तर भोपळ्या उशीवर. मासा नाही, काही नाही. दोरा कापला, वळून पाहिलं, उशीवरच. दुसऱ्या दिवशी तेच. बसण्यात पूर्वीची ऐट नव्हती हे खरं. कधी तो तिच्याकडे पाठ करून असायचा, कधी आडवा, एकदा तर पाय वर करून. पण उशीवर. मखमलीकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. तिचं काम असं सरसर पुढे गेलं की तिलाच दृष्ट लागेलसं वाटलं.

"प्रेमाने शिकला," तिने घरात सांगितलं. "माशाने जे झालं नाही ते धीराने झालं."

"होय तर," सासूबाई म्हणाल्या. "टिल्लीही हल्ली दुपारची फार गुणी झालीये. हाक म्हणून मारत नाही."

"मोठी होतेय ती."

"होतेय खरी," सासूबाई म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांचं हे पुढे काही न बोलणं तिने तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पडदा पुरा झाला त्या दुपारी मॅडम आल्या. त्यांचा चष्मा बोलताना कपाळावर असे आणि तपासताना नाकावर येई. त्या आल्या तेव्हा तो कपाळावर होता.

"कुठे आहे ते शिस्तीचं मांजर?"

"बोलावते ना," ती म्हणाली. खरं तर आधी पडदा दाखवायचा, पण विजय दाखवण्याचा मोह कुणाला सुटलाय? तिने बोटात अंगुस्तान घातलं. "बघा हं."

टिक.

उशी रिकामी.

"झोपला असेल," ती म्हणाली. टिक.

पसरलेल्या मखमलीला मध्येच एक उंचवटा आला. तो हलला. थांबला. मग उशीच्या दिशेने सरकू लागला. मॅडम एक पाऊल मागे सरल्या. टिक, तिने घाबरून आणखी एकदा वाजवलं, आणि मखमलीच्या काठाखालून आधी टिल्लीची पाठ बाहेर आली, मग विस्कटलेले केस, मग दोन्ही काखांत हात घालून धरलेला भोपळ्या, ओल्या टॉवेलासारखा लांबच लांब. तिने त्याला ओढत उशीपर्यंत नेलं, धप्पकन ठेवलं आणि घाम पुसत म्हणाली,

"आई, जरा थांबून थांबून वाजव ना गं. आम्हाला यायला वेळ लागतो."

मॅडमचा चष्मा आपणहून नाकावर आला.

"हे काय आहे त्याच्या पायाला?"

भोपळ्याच्या पुढच्या एका पायात एक लहानशी फुलाफुलांची टोपी होती. नाडी नीट गाठ मारून बांधलेली. आईने ती लगेच ओळखली.

"टोपी," टिल्ली म्हणाली. "मखमलीला नख लागलं की संपलं ना, म्हणून."

"एकाच पायाला?"

"एकच होती. बाकीचे पाय मी धरून ठेवते."

मॅडम खाली वाकल्या. त्यांनी मखमल उजेडाकडे धरली, लवीच्या उलट्या बाजूने तळहात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आईच्या डोळ्यांसमोर मखमल नव्हतीच. तिला दिसत होती रोज दुपारी न झोपता त्या लाल अंधारात मांजराचे तीन पाय धरून बसलेली एक पोर.

"केस आहेत," मॅडम उठत म्हणाल्या. "ब्रश मारा. धागा कुठे ओढलेला नाही. दुमड सुरेख आलीये." दारापाशी त्या थांबल्या. "मांजर काही शिकलेलं नाही हो तुमचं."

"नाही, मॅडम."

"हं. पुढचं कापड सोमवारी येईल. राखणदाराला सांगून ठेवा."

दार लागलं. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "मी काही बोलले नाही हं."

ती उशीजवळ जमिनीवर बसली. बोटातलं अंगुस्तान काढून बाजूला ठेवलं. भोपळ्याने लगेच वर पाहिलं, मासा येतोय का म्हणून.

"टिल्ली, ही टोपी तुझ्या अंगठ्याची ना?"

टिल्लीचा उजवा हात पाठीमागे गेला.

"मग अंगठ्याला काय?"

"काही नाही."

"बघू."

हात पुढे आला. अंगठा पांढराफटक, पाण्यात भिजत घातल्यासारखा सुरकुतलेला. ताजा. आईच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय तो हाच.

"मी नाही घालत," टिल्ली म्हणाली. "तो आपोआप जातो. आधीपण जायचा. टोपी घातली की डावा जायचा." तिचा खालचा ओठ थोडा पुढे आला. "भोपळ्या शिकला नाही. मी पण शिकले नाही."

"अगं..."

"आम्ही दोघांनी एकाच वखारीत जायचं का वेगवेगळ्या?"

आईने तिला ओढून मांडीवर घेतलं. केसांत मखमलीची लाल लव अडकली होती, ती एकेक करून वेचत बसली.

"तुला कुठेच जायचं नाही."

"का?"

"का म्हणजे? तू माझी आहेस म्हणून. शिकलीस तरी माझी, नाही शिकलीस तरी माझी."

टिल्लीने यावर बराच विचार केला. विचार करताना अंगठा आपोआप गेला. मग तिने तो क्षणभर बाहेर काढला आणि विचारलं,

"मग भोपळ्या कुणाचा आहे?"