पाठीला चिकटलेले दाणे

फ्रीजमधला शेंगांचा डबा जागेवर नाही हे पाहून जावयाने सगळे कप्पे उपसले. दुपारी त्याची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा होती. बाहेरून येणाऱ्या परीक्षक मॅडमना फोटो चालत नसत, प्रत्यक्ष वस्तूच हातात हवी असे. त्या दुर्मिळ वेलीचा बहर संपला होता आणि पुढच्या शेंगा वर्षभराने येणार होत्या.

"त्या होय? सोलून ठेवल्या मी," चार दिवसांसाठी राहायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "रोज नुसते बघत बसता त्यांच्याकडे. म्हटलं, सोलायला वेळ मिळत नसेल."

टेबलावर एका वाटीत दाणे होते, दुसरीत टरफलं.

"बरं केलंत," तो म्हणाला. सासूबाईंना याहून वेगळं काही म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि सासूबाईंनी खोदून खोदून विचारून सगळं काढून घेतलं. मग त्यांनाच रडू फुटायची वेळ आली. डिंकाची बाटलीही त्यांनीच शोधून आणली.

त्याने मनाची समजूत घातली. दाणे त्याच शेंगांचे होते, त्यांना फक्त स्वगृही पाठवायचं होतं. सासूबाई चिमट्याने दाणे चिकटवायला बसल्या आणि तो खोलीत येरझारा घालत भाषण पाठ करू लागला. शेंगवर्गातल्या फुलांनी लाखो वर्षांत नाना रूपं घेतली. कुठे पाकळ्या फुलपाखरासारख्या पसरल्या, कुठे पाकळ्या नावालाच उरून केसरांचे गोंडे झाले. शेंगांचेही आकार बदलले, पण मूळ घडण मोडली नाही. शेंग म्हणजे मधोमध दुमडलेलं पान. त्याच्या कडा जिथे जुळतात त्या शिवणीवरच दाणे धरतात, पाठीच्या शिरेवर कधीच नाही. भाषण इतकं झकास जमलं, की शेंगांकडे बघायचं राहूनच गेलं.

परीक्षेत "पाठीवर कधीच नाही" हे वाक्य त्याने टेबलावर हलकेच बोट आपटून म्हटलं. मॅडमनी एक शेंग उघडली, भिंग लावलं आणि ती दोन-तीनदा फिरवून पाहिली.

"दाणे पाठीवर आहेत," त्या शेवटी म्हणाल्या.

त्याने टेबलावरचं बोट हळूच मागे घेतलं. मॅडमनी दुसरी शेंग उघडली, मग तिसरी. सगळीकडे तेच. अशी वेल जगात कुणी पाहिलेली नाही, त्या म्हणाल्या, आता पाठ्यपुस्तकं बदलावी लागतील. आणि पर्समधून त्यांनी मोबाईल काढला.

एक फोन लागला असता तर तो जगप्रसिद्ध झाला असता, आणि आठवड्याभरात तोंड लपवायला जागा उरली नसती.

"मॅडम, तो डिंक आहे."

"कुणी लावला?"

"सासूबाईंनी."

मॅडमनी मोबाईल खाली ठेवला. टरफल पुन्हा भिंगाखाली धरलं आणि त्याला जवळ बोलावलं. कडांच्या शिवणीवर, अगदी जिथे हव्यात तिथे, तुटलेल्या दाण्यांच्या देठांच्या बारीक खुणा ओळीने दिसत होत्या. रिकामी टरफलं आणली असती तरी काम झालं असतं. हे त्याने स्वतःच्याच प्रबंधात लिहिलं होतं आणि घाबरून साफ विसरला होता.

"लबाडी करणारे पुरावा स्वतःच्या बाजूने बनवतात," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "तुम्ही स्वतःच्या विरुद्ध बनवलात. म्हणून एक संधी देते. उद्या त्याच वेलीची वाळवलेली फुलं आणा, माझ्यासमोर पाकळ्या सुट्या करून दाखवा. मग सही."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्याने सगळं सांगितलं. "त्या बाजूला जागा जास्त होती हो," त्या पुटपुटल्या. मग चाचरत म्हणाल्या, "आणखी एक झालंय. मनाला चैन पडेना, म्हणून तुमचं कपाट आवरलं. रद्दीत दाबलेली फुलं पार वाळून गेली होती. बिचारी. त्यातली थोडी कोमट पाण्यात घातली."

तो धावत आत गेला. बशीत फुलं मऊ पडली होती आणि एकेक पाकळी अलगद सुटत होती. वाळकं फूल पाण्यात भिजवल्याशिवाय उघडतच नाही. उद्या मॅडमसमोर नेमकं हेच करायचं होतं, आणि येताना वाटेत तेही तो विसरला होता.

"बरं केलंत," तो म्हणाला, आणि मग उरलेली फुलं कुलपात ठेवून आला.