बुडालेल्या बेटाची बोलणी

राष्ट्राराष्ट्रांतली शांतता मुख्यत्वे जेवणाच्या वेळेवर अवलंबून असते. हे तत्त्व राजदूत ग्रेशम म्वेंडाफिलो यांना तरुणपणीच उमगलं आणि त्यावर त्यांनी अख्खी कारकीर्द उभी केली. (या काळात देशाला चार अध्यक्ष लाभले. पैकी दोघे निवडूनही आले होते.)

सरोवरातलं एक बेट आपलं की शेजारी देशाचं, या वादाची बोलणी त्यांच्याकडे होती. बेटावर एक आंब्याचं झाड आणि पुष्कळ पाणकावळे. दोन्ही काठांवर तोफा. म्वेंडाफिलो सकाळी भाषण सुरू करत. मुद्द्याशी येईतो न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा, आणि तळलेल्या चांबो माशांचा वास सुटे. शेजाऱ्यांच्या प्रतिनिधी सालोमी न्खाता बाईही त्याच तोडीच्या. जेवणानंतर त्या सकाळचं भाषण पुन्हा समजावून मागत. बोलण्यांची प्रगती शून्य राहिली, मेलेल्यांची संख्याही.

मग एका पावसाळ्यात सरोवर चढलं आणि बेट बुडालं.

"संपलं म्हणायचं, बाई. निघू या घरी?"

"घरी काय घरी! आपण उठलो की ही पोरं तोफांवरच्या ताडपत्र्या काढतील. बेटावरचं पाणी कुणाचं, ठरलंय?"

"नाही."

"मग बसा खाली."

पण नवे अध्यक्ष कार्यक्षम होते. "काका, एका बुडालेल्या बेटापायी किती मासे खाल्लेत हो?" मंत्रिमंडळ खो खो हसलं. म्वेंडाफिलोंचे कान तापले. उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते पुरं व्हायला दुपार झाली असती. त्यांना शाल देऊन निवृत्त करण्यात आलं. त्यांच्या जागी आलेल्या हुशार गृहस्थांनी जेवणाआधीच प्रश्न निकालात काढला: बेट आपलं! राजधानीत ढोल वाजले.

विजय म्हटला की झेंडा आला. रोवायला जमीन नसल्यामुळे एका शिपायाला बुडालेल्या आंब्याच्या शेंड्यावर, छातीभर पाण्यात, झेंडा धरून उभं करण्यात आलं. (पाळ्या लावल्या होत्या. मगरींना विचारलं नव्हतं.) शेजाऱ्यांना तो झेंडा खुपला. पलीकडून गोळी आली. त्या वेळी पाळी मावुतो चिमालिरोची होती. लग्न ठरलेला पोरगा.

म्वेंडाफिलो त्याच्या घरी गेले. अंगणात बायका रडत होत्या. आईचा हात धरून त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण केलं, "मी उठायला नको होतं."

पुढल्या आठवड्यात अध्यक्ष स्वतः गाडी घेऊन दारात आले. "काका, चला. त्या बाईही तुम्हालाच मागतायत."

बोलणी पुन्हा सुरू आहेत. सध्या 'पाणी' या शब्दाच्या व्याख्येवर मतभेद आहेत आणि गोळीबार थांबला आहे. फक्त जिंकलेली जागा सोडणं शोभत नाही, म्हणून झेंडा तिथेच आहे. तेव्हा हुशार गृहस्थांनी जेवणाआधी निकाल लावला, हे वाचून ज्या वाचकांना 'सुटला एकदाचा प्रश्न' असं वाटलं, त्यांनी आपली नावं कळवावीत. झेंडा धरायला माणसं कमी पडत आहेत.