बापाने भरलेला डबा

चूक माझ्या बापाची. सरळ नावच घेतो: डॉन आर्सेसिओ (डॉन म्हणजे आमच्याकडे नुसतं 'राव'), निवृत्त बसड्रायव्हर. मेदेयीन शहराच्या डोंगरउतारावरच्या आमच्या वस्तीत सगळ्यांना अक्कल वाटणारा माणूस. (घरात उरली नाही, ती त्यामुळेच.)

मी जीवशास्त्र अर्ध्यात सोडलेला. तरी डॉक्टर नोराल्बांनी मला त्यांच्या संशोधनात घेतलं. डासात एक जिवाणू घातला की तो डास सहसा डेंग्यू पसरवू शकत नाही. असल्या डासांची अंडी पाण्याच्या डब्यात घालून घरोघरी टांगायची आणि वस्तीतले डबे मी सांभाळायचे. "नीट सांभाळलेस तर कायम करते," डॉक्टर म्हणाल्या. पहिला डबा मी आमच्याच अंगणात टांगला. घर हाताशी, म्हणून. घरात बापही आहे, हे विसरलो.

आमच्याकडे शनिवारी सकाळी धुण्याच्या हौदाला क्लोरीन आणि साबणाच्या पावडरीचा लेप फासतात. अळी दिसली की मारायची, हे आरोग्यखात्याने वर्षानुवर्षं घोकून घेतलंय. त्या शनिवारी मी उठून बाहेर आलो, तर डबा उन्हात पालथा. लख्ख पांढरा.

"बाबा, यातलं पाणी?"

"किडे पडले होते. ओतलं. घासलाही."

"ते किडे म्हणजे माझी नोकरी होती."

"मग घरात कशाला ठेवलीस? नोकरी बाहेर करतात."

सोमवारी डॉक्टर तपासायला येणार होत्या. त्यांना खरं सांगायचं, असं मी ठरवलं. (ठरवत रविवारभर लोळत होतो.) संध्याकाळी पाहतो तर डब्यात अळ्या वळवळतायत.

"या कुठून आणल्या?"

"शेजारच्या ओफेलियाच्या परसातल्या टायरातून. अळी ती अळी. तुझ्या डॉक्टरणीला काय कळतंय?"

"बाबा, तिचं आयुष्य त्यातच गेलंय."

"माझं बसमध्ये गेलं. मला इंजिन कळतं का?"

सोमवारी डॉक्टरांनी डब्यात डोकावून "छान" म्हटलं आणि चमचाभर अळ्या प्रयोगशाळेत नेल्या. मी मान डोलावली. उरलेल्यांना पंख फुटले. ते भिंतीपलीकडे ओफेलियाबाईंकडे जेवायला जात आणि झोपायला आमच्याकडे येत. बाईंना नेमका डेंग्यूचा ताप चढलेला.

काही आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा आल्या. आईने पुढे केलेलं गुळाचं पाणीही घेतलं नाही.

"एकाही अळीत जिवाणू नाही. डबा कोणी भरला?"

मी चपला बघत उभा. बाप पुढे झाला. "मी. पोरासाठी."

डॉक्टर म्हणाल्या, "स्वतःसाठी बोलायला लाज वाटते ते खोटं माणूस घरच्यांसाठी सहज बोलतो. मानसशास्त्रात यावर बरंच संशोधन झालंय."

"ऐकलंस?" बाप मला म्हणाला. "मी शास्त्राला धरूनच वागलो."

"आणि हा? याला माहीत होतं?"

"होतं की. पण बोलणार कसा? भित्रा आहे."

"त्यासाठी संशोधनाची गरज नाही, ते दिसतंच आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि डबा काखोटीला मारून निघाल्या.

बापाला एकही डास चावला नाही. माझी नोकरी गेली आणि मला डेंग्यू झाला.