सिनेगॉगला डावीकडे वळा

अमेरिकेतल्या आमच्या हर्नडनमध्ये पोस्ट ऑफिस कुठे आहे, असं समोरच्या घरातल्या दोनातकाकांना विचारून बघा. "कॅथलिक चर्चवरून सरळ जा, निळ्या घुमटांशी उजवीकडे आणि सिनेगॉगला डावीकडे वळा," असं ते अगदी गंभीरपणे सांगतील. त्या रस्त्यावर यातलं काहीही नाही. आहे ते एवढंच: इंडियन ग्रोसरी, फार्मसी, व्हिडिओचं दुकान आणि कोपऱ्यावर गवत माजलेला एक रिकामा प्लॉट.

काका लॅटव्हियाचे, त्यातही पूर्वेकडच्या लाटगाले मुलखातले. महायुद्धात आईबरोबर निघाले ते फिरत फिरत अमेरिकेत पोचले. आता वय पंचाहत्तरच्या घरात, संसार केलेला नाही. गावाचं नाव त्यांनी मला अनेकदा शिकवलं, पण माझी नागपुरी जीभ काही वळली नाही. शेवटी ते नुसतं 'गाव' झालं. हे गाव काकांनी आमच्या मेन रोडवर मांडून ठेवलं होतं. ग्रोसरी म्हणजे दोन मनोऱ्यांचं पांढरं कॅथलिक चर्च, फार्मसी म्हणजे ऑर्थोडॉक्स मंडळींचे निळे घुमट आणि व्हिडिओचं दुकान म्हणजे लुथेरन लोकांचं लाल विटांचं चर्च.

"एवढ्याशा गावात इतकी प्रार्थनास्थळं?" मी एकदा विचारलं.

"जो आला त्याने आपलं बांधलं. पोलिश जमीनदार आले, झारची माणसं आली, जर्मन आले. मग सोव्हिएत आले. त्यांना देवच नको होता, म्हणून त्यांनी लुथेरन चर्चमध्ये धान्य भरलं."

यावर काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "गव्हर्नमेंट चेंज्ड!" व्हिडिओचं दुकान जाऊन तिथे गाद्यांचं दुकान आलं तेव्हा माझी बायको मंजिरी फार हळहळली. काका म्हणाले, "गव्हर्नमेंट चेंज्ड. चर्च तेच आहे." मंजिरीने सोफा बदलला तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं.

ही सवय संसर्गजन्य निघाली. सिग्नलजवळच्या चौकाला मंजिरी बर्डी म्हणायला लागली. नागपूरच्या त्या गजबजलेल्या चौकाची आठवण आम्हालाही येतेच. पण खरी पंचाईत झाली ती गणपतीत. घरी दर्शनाला येणाऱ्या माझ्या मित्राला, जोशीला, पत्ता सांगताना माझ्या तोंडून "सिनेगॉगला लेफ्ट घे" निघून गेलं. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"अरे यार, कुठलं सिनेगॉग? मी आणि वैशाली मोदकांचा डबा घेऊन इथे गवतात उभे आहोत!"

"बरोबर आलास. तेच ते."

मग मी काकांना छेडलंच, "सगळ्यांना छप्पर दिलंत, सिनेगॉगलाच रिकामा प्लॉट का?"

"कारण तिथेही तेवढंच उरलंय," काका म्हणाले.

ज्यूंचं ते प्रार्थनास्थळ लाकडी होतं. युद्धात जर्मन आले आणि ते जाळलं गेलं. त्याच्या आवारात अब्राम राहायचा, काकांचा शाळासोबती. दोघं मिळून पाद्रीबाबांच्या बागेतल्या चेरी चोरायचे. अब्रामबद्दल बोलताना काकांचा आवाज अकरा वर्षांच्या मुलासारखा व्हायचा.

"एकदा जाऊन या ना, काका. आता देश स्वतंत्र आहे."

"भाचीसुद्धा बोलावते. चर्चं नव्याने रंगवलीत, टूरिस्ट येतात म्हणते. पण मी जाऊ कुणाकडे?"

पुढच्या वर्षी त्या प्लॉटवर बुलडोझर आले. तिथे बँक होणार होती. काका आता त्यांचं ते वाक्य म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो.  पण त्यांनी फिरायला जाणंच बंद केलं. मग एका शनिवारी दुपारी आमची बेल वाजली.

"तुमच्या लॉनवर थोडी जागा आहे?"

"गाडी लावायचीय का, काका?"

"सिनेगॉग ठेवायचंय."

मी बुचकळ्यात पडलो. मंजिरी मात्र लगेच म्हणाली, "ठेवा ना काका. आम्हाला काही करावं लागेल?"

"गवत जरा वाढू द्या."

"कॉलनीच्या असोसिएशनची नोटीस येईल," मी म्हणालो.

"मग कापा. नोटिसा सिनेगॉग सांभाळणाऱ्या अब्रामच्या वडिलांनाही यायच्या."

"पण आमच्याकडेच का?"

काका पायरीवर बसले. "माझ्या खिडकीतून दिसतं म्हणून. तिथेही ते आमच्या घरासमोरच होतं. अब्रामच्या घरच्यांना जर्मन घेऊन गेले त्या सकाळी मी पडद्याआड उभा होतो. आईने माझे दोन्ही हात धरून ठेवले होते. जाताना अब्रामने आमच्या खिडकीकडे बघितलं. मला साधा हातसुद्धा करता आला नाही."

 मंजिरी त्यांच्याशेजारी बसून राहिली. चहा करायचंही कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लॉनला पाणी घालत होतो. समोर काकांनी खिडकीचा पडदा सबंध बाजूला सारला आणि हात उंच करून हलवला. मीही हसून हात वर केला.

मंजिरीने शेजारी येऊन माझा हात हळूच खाली ओढला. "तुला नाही रे," ती म्हणाली.